गाठ नव्हती, तरीही

मराठीत 'गाठ' या शब्दाचा संसार फार मोठा आहे. विसरू नये म्हणून पदराला मारलेली गाठ, लग्नमंडपात बांधली जाणारी गाठ, मनात राहून गेलेली गाठ, गाठीला बांधलेले चार पैसे आणि बऱ्याच वर्षांनी पडलेली दोन मैत्रिणींची गाठ. माध्यमिक शाळेत बत्तीस वर्षे मराठी शिकविताना या एका शब्दासाठी मी अख्खी तासिका देत असे. मात्र याच शब्दाचा आणखी एक अर्थ आपल्या घरांतून दबक्या आवाजात वावरतो. स्तनाच्या कर्करोगाचे नाव सहसा कोणी घेत नाही. 'अमक्यांच्या सुनेला गाठ आली होती', 'तमकीची गाठ काढली' एवढेच बोलले जाते आणि ऐकणारी सारे समजून घेते. असे होता होता गाठ हे रोगाच्या एका लक्षणाचे नाव न राहता रोगाचेच नाव होऊन बसले. त्यातून एक समज आपोआप रुजला : हाताला गाठ लागत नाही, म्हणजे काळजीचे कारण नाही.

हा समज बहुतेक वेळा खरा ठरतो, परंतु सर्व वेळा नाही. मला स्तनाचा कर्करोग झाला आणि त्यात गाठ नव्हती. माझ्यासारख्या स्त्रिया संख्येने थोड्या असल्या, तरी त्यांच्या बाबतीत हा समज जिवावर बेतू शकतो. म्हणूनच हा खासगी विषय येथे मांडावा, असे मला वाटले.

दोन वर्षांपूर्वी, बागेत ऑक्टोबर छाटणी चालू असतानाच्या दिवसांतली ही गोष्ट. तेव्हा मला एकोणसाठावे वर्ष चालू होते. साडी नेसताना आरशासमोर हात वर केला की डाव्या स्तनाच्या खालच्या अंगाची त्वचा किंचित आत ओढली जाते, असे माझ्या लक्षात आले. शिवणकामात दोरा जास्त ताणला गेला की कापडाला बारीकशी चुणी पडते, तसे ते दिसे. हात खाली घेतला की चुणी नाहीशी होई. वेदना नव्हती, स्राव नव्हता आणि बोटांनी चाचपून पाहिले तरी गाठीसारखे काहीही लागत नव्हते. आठवडाभरात फरक पडला नाही, तेव्हा मी सुनेला सांगितले. तिने दुसऱ्याच दिवशी मला तालुक्याहून मोठ्या गावी मॅमोग्राफीसाठी नेले. अहवालात संशयास्पद काही आढळले नसल्याचे लिहिले होते. घरात सर्वांना हायसे वाटले. माझे यजमान म्हणाले, "झालं, आता निर्धास्त राहा."

निर्धास्त राहणे मात्र जमेना. अहवाल कागदावर होता आणि बदल अंगावर होता. आरशातली चुणी रोज सकाळी होती तिथेच होती. म्हणून आम्ही मिरजेतील एका महिला शल्यचिकित्सकांकडे गेलो. त्यांनी आधी अहवाल पाहिला नाही, मला तपासले. बसवून, निजवून, दोन्ही हात डोक्यावर घ्यावयास लावून, नंतर कमरेवर दाबून धरावयास सांगून. पंधरा मिनिटे त्यांचे बोलणे कमी आणि पाहणे अधिक चालले होते. मग त्या म्हणाल्या, "बाई, इथे गाठ नाही. पण हा एवढा भाग बाजूच्या भागापेक्षा घट्ट लागतोय. मॅमोग्राफी नॉर्मल आहे हे खरं आणि त्वचा ओढली जातेय हेही खरं. दोन्ही खरं असेल तर अजून शोधायला हवं."

त्यांचे हे वाक्य मी अनेक जणींना ऐकविले आहे. यंत्राचे खोटे ठरवून शरीराचे खरे मानावे किंवा शरीराचे खोटे ठरवून यंत्राचे खरे मानावे, असा तंटा त्यांनी केला नाही. सोनोग्राफीत त्या जागी कडा अस्पष्ट असलेला एक गडद पट्टा दिसला. जागा बधिर करून जाड सुईने तेथील पेशीजालाचे बारीक तुकडे काढण्यात आले. या तपासणीला बायॉप्सी म्हणतात. सुई लावल्याने कर्करोग पसरतो, अशी भीती माझ्या थोरल्या जाऊबाईंनी घातली होती. ती निराधार आहे, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावून दिले. रोग कोणता, हे निश्चित कळल्याखेरीज उपचार ठरत नाहीत आणि ते कळण्याचा मार्ग हाच आहे. आठ दिवसांनी उत्तर आले : 'इन्व्हेजिव्ह लोब्युलर कार्सिनोमा'. दूध निर्माण करणाऱ्या ग्रंथींमध्ये सुरू होऊन आजूबाजूस शिरलेला कर्करोग.

शब्द कळले, पण अर्थ कळला नाही. तेव्हा डॉक्टरांनी कागद उलटा करून त्यावर चित्र काढले. प्रत्येक स्तनात साधारण पंधरा ते वीस खंड असतात. प्रत्येक खंडात अनेक लहान खंडिका आणि खंडिकेच्या टोकाशी दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांचे झुपके. तेथून बारीक नलिका निघतात, एकमेकींना मिळत मोठ्या होतात आणि स्तनाग्राकडे येतात. सभोवती चरबी आणि तंतू. माझे यजमान शेजारी बसून चित्र निरखत होते. त्यांचे सारे आयुष्य द्राक्षबागेत गेले आहे. ते हळूच म्हणाले, "म्हणजे हा द्राक्षाचा घड झाला. या नळ्या म्हणजे देठ आणि या खंडिका म्हणजे मणी." डॉक्टर म्हणाल्या, "अगदी बरोबर. स्तनाचे बहुतेक कर्करोग देठात सुरू होतात. बाईंचा मण्यात सुरू झालाय."

देठ आणि मणी या भेदाचे महत्त्व मला पुढच्या काही महिन्यांत उमगले. स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी सत्तर ते ऐंशी नलिकांत आरंभ पावलेले असतात. ग्रंथींमध्ये सुरू होणाऱ्यांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांत शंभरात दहा ते पंधरा असते आणि आपल्याकडे नोंदलेले प्रमाण त्याहून कमी आहे. थोड्यांचा रोग म्हणून तो दुर्लक्षिला जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला. त्यांतील शंभरात पाच जणी जरी या प्रकारच्या धरल्या, तरी संख्या साडेनऊ हजारांवर जाते. एवढ्या स्त्रियांना 'गाठ आहे का' या प्रश्नाने पुरेसे उत्तर मिळणार नाही.

गाठ का होत नाही, याचे कारण मला समजले तेव्हा निसर्गाच्या बारकाईपुढे मी थक्क झाले. आपल्या शरीराच्या आवरणांतील पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या एका प्रथिनाचे नाव ई-कॅडहेरिन. विटांमध्ये चुना असावा, तसे ते दोन पेशींमध्ये काम करते. नलिकेतील कर्करोगात हे प्रथिन बहुधा शाबूत असते. म्हणून वाढलेल्या पेशी परस्परांना चिकटून राहतात, त्यांचा गोळा होतो आणि तो हाताला लागतो. ग्रंथींतील कर्करोगात ज्या जनुकामुळे हे प्रथिन बनते, ते सीडीएच-१ नावाचे जनुक बहुतेक वेळा निकामी झालेले असते. चुनाच नाही, मग विटा एकत्र कशा राहणार? सुट्या झालेल्या पेशी मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागे एक अशा तंतूंमधून वाट काढीत जातात. त्या मूळ रचना मोडीत नाहीत, तिच्यातूनच सरकतात. म्हणून हाताला गोळा लागत नाही. लागलाच तर एखादा भाग जाड, घट्ट किंवा भरल्यासारखा लागतो. मॅमोग्राफीच्या चित्रातही या रांगा आसपासच्या निरोगी भागासारख्याच दिसतात. नलिकांतील रोगाचा सुगावा देणारे चुन्यासारखे पांढरे कण येथे क्वचितच आढळतात. त्यामुळे चित्र काढणारा आणि वाचणारा दोघेही निष्णात असले, तरी हा रोग नजरेतून निसटू शकतो. माझ्या पहिल्या अहवालाबद्दल मी आज कोणालाही दोष देत नाही, त्याचे कारण हेच.

याचा अर्थ मॅमोग्राफी निरुपयोगी आहे, असा कोणी कृपया घेऊ नये. त्या तपासणीमुळे असंख्य स्त्रियांचे रोग वेळेत सापडले आहेत आणि ग्रंथींतील कर्करोगही तीत अनेकदा दिसतो. एवढेच लक्षात ठेवावे की, स्वच्छ अहवाल हा त्या चित्रापुरता निर्णय असतो. अंगावरील बदल कायम असेल, तर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास एमआरआय या पुढच्या पायऱ्या आहेत. त्यांविषयी डॉक्टरांना विचारण्यात उद्धटपणा नाही.

रोगाच्या नावाबाबत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी अकारण रडारड झाली. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील फ्रँक फूट आणि फ्रेड स्टुअर्ट या विकृतिशास्त्रज्ञांनी ग्रंथींच्या आतच वाढून राहिलेल्या विशिष्ट पेशींचे वर्णन केले आणि तिला 'लोब्युलर कार्सिनोमा इन सिटू' असे नाव दिले. 'इन सिटू' म्हणजे जागच्या जागी. नावात कार्सिनोमा असला, तरी आज या अवस्थेला प्रत्यक्ष कर्करोग मानीत नाहीत. पुढे कोणत्याही स्तनात कर्करोग होण्याची शक्यता वाढल्याची ती सूचना असते. अशा स्त्रीला नियमित तपासणीची आणि काही वेळा प्रतिबंधक औषधाची गरज असते. तेव्हा अहवालात 'लोब्युलर' हा शब्द वाचताच धीर सोडू नये. त्याच्या आधी 'इन्व्हेजिव्ह' आहे की नंतर 'इन सिटू' आहे, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे. एका शब्दाच्या फरकाने संपूर्ण वाक्याचा अर्थ बदलतो, हे मराठीच्या शिक्षिकेने वेगळे सांगावयास नको.

योगायोग असा की, त्याच १९४१ सालच्या २८ फेब्रुवारीस मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालयाचे दार उघडले. आज महाराष्ट्रातील कोणत्याही गावात कर्करोग हा शब्द निघाला की पाठोपाठ 'टाटा' हा शब्द येतोच. आपल्या राज्यातील कुटुंबांना महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगावरील अनेक उपचारांचा खर्च मिळू शकतो, हेही येथेच नोंदवून ठेवते. पैशाच्या धास्तीने तपासणीच टाळणारी घरे मी पाहिली आहेत.

मुंबईत एमआरआय झाला, तेव्हा सोनोग्राफीत दोन सेंटिमीटर भासलेला रोग प्रत्यक्षात चार सेंटिमीटर पसरल्याचे दिसले. हेही या प्रकाराचे वैशिष्ट्यच. चित्रात दिसतो त्यापेक्षा तो अनेकदा मोठा निघतो, कधी एकाच स्तनात दोन-तीन जागी असतो आणि दुसरा स्तनही नीट पाहावा लागतो. स्तन राखून शस्त्रक्रिया करणे याही प्रकारात बऱ्याच जणींना शक्य असते. माझ्या बाबतीत रोगाची जागा आणि विस्तार पाहता संपूर्ण स्तन काढणे ठरले. काखेतील ज्या ग्रंथींकडे रोग प्रथम जातो, त्या काढून तपासल्या. त्या निर्दोष होत्या. पेशींच्या तपासणीत रोग इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसला जाणारा निघाला. ग्रंथींतील कर्करोग बहुतांशी असाच असतो आणि ही त्यातली चांगली बाजू आहे, कारण त्याचा खुराक औषधाने तोडता येतो. रोगाची एकंदर लक्षणे पाहता केमोथेरपीपासून मला फारसा लाभ होणार नाही, असे डॉक्टरांच्या मंडळाचे मत पडले. दुसऱ्या स्त्रीच्या बाबतीत निर्णय वेगळा असू शकतो. माझ्यावरून कोणी आपला ताडून पाहू नये.

संप्रेरकावरील उपचारांचा इतिहास मनोरंजक आहे. १९६२ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय या कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ महिलेने एक संयुग तयार केले. संशोधन चालले होते गर्भनिरोधक औषधाचे. त्या कामी ते उपयोगी पडले नाही, परंतु स्तनाच्या कर्करोगात त्याने लाखो स्त्रियांचे आयुष्य वाढविले. तेच टॅमॉक्सिफेन. पाळी थांबलेल्या स्त्रियांसाठी आता लेट्रोझोलसारखी औषधेही आहेत. ती शरीरात इस्ट्रोजेन तयार होण्यासच आळा घालतात. ग्रंथींतील कर्करोगात लेट्रोझोलचा लाभ टॅमॉक्सिफेनपेक्षा अधिक ठळक असल्याचे एका मोठ्या अभ्यासात दिसले आहे. मला तीच गोळी दिली आहे. दिवसातून एकदा, निदान पाच वर्षे आणि कदाचित त्याहूनही अधिक. ती जेवणाआधी किंवा नंतर केव्हाही घेता येते. मी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाबरोबर घेते आणि माझा वर्षानुवर्षांचा नेमही सांभाळला जातो. उपवासाच्या दिवसांत काय करावयाचे, हे मी डॉक्टरांना स्पष्ट विचारून घेतले आहे. आपल्या भगिनींनी हा प्रश्न संकोच न करता विचारावा आणि आपल्या मनाने गोळी खंडित करू नये. या गोळीने सांधे धरतात, अंगातून वाफा निघाल्यासारखे होते आणि हाडे विरळ होतात. पहिल्या हिवाळ्यात सकाळी मूठ मिटत नसे. हाडांची घनता मोजून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू केले, रोज तासभर चालणे सुरू ठेवले आणि त्रास सोसण्याजोगा झाला.

गोळी इतकी वर्षे कशासाठी, याचे उत्तर मात्र थोडे जड आहे. हा रोग सावकाश चालतो, पण त्याची स्मरणशक्ती दीर्घ असते. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, कधी त्याहून उशिरा तो पुन्हा डोके वर काढू शकतो. हाडांखेरीज पोटातील आवरण, बीजांडे, जठर, आतडी अशा अनपेक्षित जागीही तो आढळतो. म्हणून ज्या स्त्रीला पूर्वी हा कर्करोग होऊन गेला आहे, तिने पोटाच्या दीर्घकाळ न हटणाऱ्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे जाताना आपल्या जुन्या आजाराचे पूर्ण नाव अवश्य सांगावे. नुसते 'गाठ काढली होती' म्हणून भागणार नाही. मी माझ्या पर्समध्ये त्या अहवालाची घडी करून ठेवली आहे.

औषधांपेक्षा माणसांची समजूत घालणे मला अधिक कठीण गेले. भेटावयास आलेल्या एका वयस्क आक्कांनी विचारले, "तू तर दोन्ही पोरांना दीड-दीड वर्ष अंगावर पाजलंस, मग दुधाच्या जागी रोग कसा झाला?" दुसरीने निदान केले की, त्या वेळी राहिलेले दूध आत साठून त्याचा हा परिणाम असावा. दोघींचाही हेतू चांगला होता. वस्तुस्थिती अशी की, स्तनपानाने कर्करोगाचा धोका खरोखरच घटतो. तीस देशांतील माहिती एकत्र करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार स्तनपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे तो सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो. परंतु घटणे वेगळे आणि नाहीसे होणे वेगळे. साठून राहिलेल्या दुधाचा कर्करोग होतो, या समजुतीला तर कसलाच आधार नाही. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी प्रत्येक स्त्रीच्या स्तनात असतात. तिने पाजलेले असो वा नसो, ती विवाहित असो वा नसो.

या अखेरच्या मुद्द्यावर आपल्या समाजाने विशेष विचार करावा, असे मला वाटते. अठराव्या शतकाच्या प्रारंभी बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने नोंदविले होते की, ख्रिस्ती मठांतील ब्रह्मचारिणींमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक दिसतो. गर्भधारणा आणि स्तनपान यांमुळे मिळणारे संरक्षण त्यांना नसते, हे कारण पुढे उलगडले. आपल्या आर्यिका माताजी, साध्वीजी आणि ब्रह्मचारिणी दीदी यांच्या बाबतीत शरीराचा नियम वेगळा नाही. त्यांच्या चर्येच्या मर्यादा आपण जाणतो. परंतु अनुभवी महिला डॉक्टरने हाताने केलेल्या तपासणीस यंत्र लागत नाही, वीज लागत नाही आणि ती त्यांच्या वास्तव्याच्या ठिकाणीही होऊ शकते. चातुर्मासाच्या व्यवस्थेत श्राविकांनी विनयपूर्वक एवढी विनंती करून पाहावी.

हाताच्या तपासणीचे मोल केवळ माझ्या अनुभवावरून सांगत नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांतील निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करीत. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग आधीच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. महागड्या यंत्राविना, शिकविलेल्या हातांनी हे साधले. प्रत्येक महिला मंडळाला वर्षातून एकदा असे शिबिर भरविता येईल.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावयास सर्वांत अधिक धैर्य लागले, ती सांगते. शस्त्रक्रियेची तारीख ठरली, तेव्हा माझ्या जाऊबाई स्वयंपाकघरात दार लोटून म्हणाल्या, "बाहेर कुठे बोलू नकोस. आपल्या पोरींची लग्नं व्हायची आहेत. घराण्यात कॅन्सर आहे म्हटल्यावर कोण स्थळ आणील?" त्यांच्या दोन नाती आणि माझी एक. त्यांचे बोलणे निष्ठुर नव्हते. आपल्या समाजात स्थळे कशी पाहिली जातात, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. मी त्या रात्री झोपले नाही. मी गप्प राहिले तर नातींची स्थळे कदाचित सुरक्षित राहतील, पण पुढे त्यांच्यापैकी एखादीच्या त्वचेला चुणी पडली तर तिचा अर्थ तिला कोण सांगणार?

डॉक्टरांना मी आनुवंशिकतेविषयी विचारले. स्तनाच्या कर्करोगांपैकी शंभरात पाच ते दहाच आनुवंशिक असतात. ग्रंथींतील कर्करोगात वर सांगितलेले सीडीएच-१ जनुक बहुधा त्या पेशींतच, आयुष्याच्या ओघात बिघडलेले असते. ते लेकीबाळींकडे जात नाही. क्वचित काही घराण्यांत मात्र त्याचा दोष जन्मतः उतरतो आणि तेथे स्त्रियांना या कर्करोगाचा, तर स्त्रीपुरुष दोघांनाही जठराच्या एका विशिष्ट कर्करोगाचा धोका असतो. म्हणून घराण्यात जठराचा कर्करोग तरुणपणी कोणास झाला होता का, हे वडीलधाऱ्यांना विचारावयास हवे. आमच्या माहेरी-सासरी तसे कोणी नव्हते. पण हे कळण्यासाठीसुद्धा मला चार घरांत उघडपणे बोलावे लागले. लपवून ठेवलेल्या आजाराची वंशावळ कोणालाच काढता येत नाही.

मी बोलू लागले. जाऊबाई काही दिवस अबोल राहिल्या. नंतर एका दुपारी त्यांनी मला आपल्या खोलीत बोलाविले, दार लावले आणि म्हणाल्या, "मला दाखव, आरशासमोर कसं उभं राहायचं ते." त्यांना काही निघाले नाही. गल्लीतील आणखी दोघी तपासून आल्या. एकीला साधी, निरुपद्रवी गाठ होती आणि दुसरीला काहीच नव्हते. 'उगीच खर्च झाला' असे दुसरीचा मुलगा म्हणाला. काही नाही हे खात्रीने कळण्यासाठी केलेला खर्च उगीच नसतो, एवढेच मी त्याला सांगितले. केमोथेरपी झाली नाही, केस गेले नाहीत, म्हणून 'बाईंना खरा कॅन्सर नव्हताच' असेही काही जण म्हणतात. त्यांच्याशी मी वाद घालीत नाही.

वाचक भगिनींनो, महिन्यातील एक दिवस ठरवून ठेवा. पाळी येत असेल तर ती संपल्यानंतरच्या दिवसांतला, थांबली असेल तर कोणतीही एक तारीख. उजेडात आरशासमोर उभ्या राहा. हात खाली सोडून, वर घेऊन आणि कमरेवर दाबून अशा तिन्ही स्थितींत पाहा. त्वचेला चुणी किंवा खळगा पडतो का, स्तनाग्र आत वळले आहे का, एका स्तनाचा आकार किंवा ठेवण पूर्वीपेक्षा बदलली आहे का, एखादा भाग जाड, घट्ट, भरल्यासारखा लागतो का, त्वचा लाल किंवा संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे का, काखेत काही सुजले आहे का. नंतर बोटांच्या पेरांनी सावकाश चाचपा. गाठ शोधाच, पण केवळ गाठच शोधू नका. आपल्या शरीराची रोजची ठेवण ओळखीची करून घ्या, म्हणजे वेगळे काही झाल्यास ते ध्यानी येईल. बदल दोन-तीन आठवडे टिकला, तर डॉक्टरकडे जा. अहवाल स्वच्छ येऊनही बदल कायम राहिला, तर पुन्हा जा.

घरातील पुरुषांनाही विनंती आहे. आई, पत्नी किंवा सून असे काही सांगू लागली, तर 'गाठ आहे का' असा पहिला प्रश्न विचारू नका. 'केव्हा जाऊ या' असे विचारा. माझ्या यजमानांनी आणि मुलाने बागेची छाटणी मजुरांवर सोपवून माझ्याबरोबर मिरज आणि मुंबई अशा चौदा खेपा केल्या.

परवा सहामाही तपासणी झाली. उजवा स्तन आणि काख दोन्ही ठीक आहेत. लेट्रोझोलची दुसऱ्या वर्षाची शेवटची पट्टी चालू आहे.